गाडीतील छोटा वायरलेस संच: निवड, जोडणी आणि वापर
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडीत बसवायचा छोटा वायरलेस संच पाहायला येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो “हा किती किलोमीटर चालतो?” असा. खोक्यावर छापलेला आकडा वाचून दाखवणे सोपे आहे, परंतु तो आकडा आपल्या गाडीचा नसतो. आवाज किती लांब पोहोचेल हे संचापेक्षा अँटेना किती उंचीवर आहे, तिच्याखाली लोखंडी पत्रा आहे की नाही आणि मध्ये सपाट रान आहे की डोंगर, यावर ठरते. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाच्या जीपा, ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर, खडी क्रशरचे डंपर, पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिका यांना संच बसवताना जे ध्यानात आले, ते येथे लिहिले आहे. पैसे भरण्यापूर्वी ते एकदा वाचावे, ही विनंती.

परवाना आधी, संच नंतर

वाहनात बसवायचे २५ वॉट किंवा त्याहून अधिक ताकदीचे संच परवान्याशिवाय बाळगता वा वापरता येत नाहीत. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा बिनतारी तार कायदा आणि त्यांची जागा घेण्यासाठी करण्यात आलेला २०२३ चा दूरसंचार कायदा या साऱ्यांचा रोख एकच आहे: वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) ही सरकारने नेमून द्यावी लागते, ती आपल्या मनाने निवडता येत नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील डब्ल्यूपीसी ही शाखा हे काम पाहते आणि अर्ज सरल संचार या पोर्टलवर करावा लागतो. कार्यालयाच्या गच्चीवर किंवा मनोऱ्यावर बेस स्टेशनची अँटेना उभारायची असेल, तर त्या जागेसाठी सॅकफा नावाची वेगळी मंजुरी लागते. वार्षिक शुल्क संचांची संख्या, कामाच्या क्षेत्राचा विस्तार आणि वाहिनीची रुंदी यांनुसार बदलते, म्हणून शेजारच्या व्यवसायाने किती भरले यावरून आपला अंदाज बांधू नये.

“परवाना न लागणारे संचही मिळतात ना?” असे विचारले जाते. मिळतात, परंतु ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील ती सवलत अल्प ताकदीच्या, हातात धरायच्या वॉकी-टॉकीसाठी आहे, टपावर अँटेना लावून चालवायच्या संचासाठी नाही. लग्नाच्या मंडपात किंवा पार्किंगच्या मैदानात असे संच छान काम करतात. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना असलेल्या ग्राहकांनीही लक्षात घ्यावे, की तो परवाना छंदासाठी आणि ठरलेल्या पट्ट्यांसाठी आहे. त्यावर डंपरच्या फेऱ्यांचे बोलणे करता येत नाही.

ऑनलाइन मागवलेले स्वस्त दुहेरी पट्ट्याचे संच प्रोग्रॅम करून देण्यासाठी आमच्याकडे आणले जातात. अशा संचाला प्रकार-मान्यता, म्हणजे त्या मॉडेलला सरकारची मंजुरी, नसेल, किंवा ग्राहकाकडे वारंवारितेचे पत्र नसेल, तर आम्ही ते काम नाकारतो, आणि त्यावरून काही जण रागावून गेलेही आहेत. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीसारख्या उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या अशाच बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी. भलत्या वारंवारितेवर पडलेला आपला आवाज पोलिसांच्या किंवा अग्निशमन दलाच्या कामात मध्येच शिरू शकतो, ही बाब दंडापेक्षा गंभीर आहे.

सर्वांना हा संच लागतोच असे नाही

आपली गाडी कोल्हापूरहून मुंबईला किंवा बेंगळुरूला जाणार असेल, तर हा संच घेऊ नये. तालुक्याबाहेर पडल्यावर तो गप्पच राहील. अशा कामासाठी मोबाइलच्या सिमवर चालणारे, बटण दाबून बोलायचे संच मिळतात; ते दिसायला हुबेहूब असेच असतात आणि मोबाइलचे जाळे असेल तेथपर्यंत पोहोचतात. उलट, ज्या कामाचा परीघ वीस-पंचवीस किलोमीटरचा आहे, जेथे मोबाइलला रेंज येत-जात असते, आणि जेथे एक निरोप एकाच वेळी पंधरा गाड्यांना ऐकू जायला हवा, तेथे वायरलेसला तोड नाही. गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागी, वाहनांची रांग लागल्यावर फडातील ट्रॅक्टरना “थांबा” म्हणून सांगण्यासाठी पंधरा फोन लावत बसणे काय असते, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

वॉट, उंची आणि अँटेना

अधिक वॉटचा संच अधिक लांब जातो हे खरे, पण वाटते तितका नाही. सपाट रानात, दोन्हीकडच्या अँटेनांची उंची तीच ठेवून अंतर दुप्पट करायचे झाल्यास ताकद साधारण सोळा पट वाढवावी लागते. म्हणजे हातातील ५ वॉटच्या संचाऐवजी २५ वॉटचा घेतला, तर केवळ त्या वॉटमुळे अंतर जेमतेम दीडपट होते. तरीही गाडीतला संच हातातल्यापेक्षा कितीतरी लांब बोलतो. त्याचे खरे श्रेय टपावरच्या अँटेनाला द्यावे लागते, कारण गाडीच्या आत धरलेल्या वॉकी-टॉकीचा बराचसा जोर पत्र्यातच अडकून पडतो. पन्नास वॉटचा संच आम्हीही विकतो आणि त्यात आमचा नफा जास्त आहे, पण चुकीच्या जागी लावलेल्या अँटेनासाठी तो औषध नव्हे.

उंचीचे गणित याहून महत्त्वाचे आहे. जमिनीपासून दोन मीटर उंचीच्या अँटेना असलेल्या दोन गाड्यांमध्ये क्षितिजाच्या हिशेबाने साडेअकरा किलोमीटरच्या आसपास अंतर बसते. एका टोकाला २५ मीटर उंचीचा मनोरा आला, की हेच अंतर सव्वीस किलोमीटरवर जाते. हे आकडे मोकळ्या सपाट जमिनीचे आहेत. डोक्यावर गेलेला ऊस, आमराई, वस्ती आणि टेकाडे यांतून ते बरेच खाली येतात. गगनबावड्याच्या माथ्यावर स्पष्ट ऐकू येणारी गाडी करूळ घाटाची पहिली काही वळणे उतरताच गप्प होते, तेव्हा संच बिघडला असे समजू नये. मध्ये सह्याद्री आला आहे. यावर उपाय उंच जागी रिपीटर बसवण्याचा आहे. रिपीटर एका वारंवारितेवर ऐकतो आणि तेच बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर पुढे पाठवतो. म्हणून त्यासाठी परवान्यात दोन वारंवारिता मागून घ्याव्या लागतात. हे अर्ज करतानाच ठरवावे, नंतर सुचल्यास पुन्हा सगळी कागदपत्रे करावी लागतात.

व्हीएचएफ (१५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) घ्यावा की यूएचएफ (४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा), याचे उत्तर मिळालेल्या वारंवारितेतच असते. पण मागण्याची संधी असेल, तर रान, झाडी आणि घाट यांसाठी व्हीएचएफ आणि शहरातील इमारती, तळघरे, गोदामे यांसाठी यूएचएफ मागावा. अँटेनाची लांबी त्यावरूनच ठरते. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास पावतरंग अँटेना (रेडिओलहरीच्या लांबीच्या पाव भागाइतकी) अर्ध्या मीटरहून किंचित कमी, तर ४५० मेगाहर्ट्झला सुमारे सोळा सेंटिमीटर होते. एका पट्ट्याची अँटेना दुसऱ्या पट्ट्याच्या संचाला “चालून जाईल” म्हणून लावणे हा संचाचा शेवट जवळ आणण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

पावतरंग अँटेनाला खाली पत्रा लागतो, कारण तो पत्रा हाच तिचा दुसरा अर्धा भाग असतो. म्हणून उत्तम जागा टपाचा मध्य. बंपर, आरसा किंवा बोनेटची कड या जागा दिसायला सोयीच्या असल्या, तरी एका बाजूला आवाज जातो आणि दुसऱ्या बाजूला मरतो. चुंबकाचा पाया फक्त लोखंडी पत्र्यावर बसतो. रुग्णवाहिकेचे फायबरचे टप, अॅल्युमिनियमची बॉडी आणि ट्रॅक्टरचे फायबर छत येथे वेगळा विचार करावा लागतो: एक तर खाली पुरेसा मोठा पत्रा बसवून घ्यावा, नाहीतर पत्र्यावाचून चालणारी अर्धतरंग अँटेना घ्यावी, जी व्हीएचएफला जवळपास एक मीटर लांब असते आणि फांद्यांना लागते. गाडीतील माणसांपासून आणि बाहेर उभ्या असलेल्यांपासून अँटेना बोलण्याच्या वेळी निदान एक मीटर दूर असावी.

संचापासून अँटेनापर्यंतच्या केबलकडे कोणी पाहत नाही. आरजी-५८ जातीच्या पाच मीटर केबलमध्ये व्हीएचएफचा सुमारे पाचवा आणि यूएचएफचा सुमारे तिसरा हिस्सा वाटेतच जिरतो. उरलेली केबल सीटखाली वेटोळे करून ठेवण्याऐवजी कापून घ्यावी, आणि दारातून आत आणताना ती चेपली जाणार नाही असे पाहावे. अँटेना बसवून झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद संचाकडे परत येते ते दाखवणारा) लावून मोजणी केल्याशिवाय आम्ही गाडी देत नाही, आणि आपणही तो आकडा पाहिल्याशिवाय नेऊ नये. तो १.५ च्या आत असला तर उत्तम. २ झाला की सुमारे ११ टक्के ताकद परत येते, ३ झाला की चौथा हिस्सा, आणि पुष्कळ संच त्याच्या पुढे स्वतःहून बाहेर टाकायची ताकद कमी करतात.

छोटा संच तापतो

संच छोटा असणे सोयीचे आहे, विशेषतः आजच्या गाड्यांत, जेथे डॅशबोर्डवर टचस्क्रीनने सगळी जागा घेतली आहे. मात्र २५ वॉट बाहेर टाकणारा संच १३.६ व्होल्टवर ७ अँपिअर घेत असेल, तर आत सुमारे ९५ वॉट जातात आणि उरलेल्या सत्तर वॉटची केवळ उष्णता होते. मोठ्या संचाला ती टाकायला पाठीमागे जाड पंख असतात; छोट्याला कमी. अशा संचांची चाचणीही बहुधा ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के गप्प राहणे असे धरून केलेली असते. ज्या गाडीवर दिवसभर सतत बोलणे होणार आहे, उदाहरणार्थ कारखान्याच्या वजनकाट्याजवळची नियंत्रण जीप, तिच्यासाठी छोटा संच घेऊ नये, किंवा घेतल्यास कमी ताकदीवर ठेवावा. तो ग्लव्ह बॉक्समध्ये कोंबू नये आणि एसीच्या गरम झोताखालीही नको. दर्शनी पट्टी वेगळी काढून मूळ पेटी सीटखाली ठेवता येते असे संच मिळतात. तेथे हवा खेळती असावी आणि पाय पुसणे किंवा पाण्याची बाटली त्यावर येऊ नये. एअरबॅग उघडण्याच्या जागेत संच, माईक किंवा वायर काहीही बसवू नये.

वीजजोडणी

सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून २५ वॉटचा संच चालवू नये. स्पर्श सैल असतो, तेथे व्होल्टेज पडते आणि बोलताना संच बंद पडून पुन्हा सुरू होतो. लाल आणि काळी दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात, दोहोंना बॅटरीजवळ फ्यूज द्यावा, आणि तार जाड असावी. चार मीटर अंतरावर १ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर ७ अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे एक व्होल्ट गळतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो ०.४ व्होल्टच राहतो. वाचलेले थोडे रुपये येथे आवाजाच्या ताकदीतून वसूल होतात.

ट्रक, बस आणि मोठे डंपर २४ व्होल्टचे असतात. तेथे दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून घेण्याची पद्धत आम्हाला वारंवार दिसते. काही दिवस ती चालते, मग एक बॅटरी कायम अर्धी आणि दुसरी अतिभारित राहून दोन्ही खराब होतात. २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा योग्य कन्व्हर्टरच लावावा. संचातून इंजिनच्या वेगाबरोबर चढ-उतार करणारी शिट्टी येऊ लागली, तर ती अल्टरनेटरची असते, आणि बहुधा सैल अर्थिंगमुळे येते. आणखी एक चोर म्हणजे स्वस्त मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम. ते काढून पाहिल्यावर संच अचानक “बरा” झाल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

बोलताना

बटण दाबून किमान अर्धा सेकंद थांबावे आणि मग बोलावे; नाहीतर रिपीटर जागा होईपर्यंत पहिला शब्द हरवतो आणि “गाडी सात” ऐवजी फक्त “सात” ऐकू येते. माईक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर, किंचित बाजूला धरावा. ओरडण्याने आवाज लांब जात नाही, फक्त फाटतो. बोलणे तोडून तोडून करावे, कारण आपण बोलत असताना दुसऱ्याचा तातडीचा निरोप अडून राहतो. माईक सीटवर पडून बटण दबले गेले, तर पूर्ण ताफा मुका होतो. म्हणून प्रत्येक संचाला वेळमर्यादा घालून देण्याचा आमचा आग्रह असतो, एक मिनिटाची मर्यादा बहुतेकांना पुरते.

चालकाने गाडी चालवत असताना माईक हातात घेऊ नये. २०१९ मधील दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हातात धरलेले संपर्क साधन वापरत गाडी चालवणे धोकादायक वाहन चालवणे समजले जाते. शेजारच्याने बोलावे, किंवा गाडी कडेला घ्यावी.

खडी क्रशर आणि खाणीच्या ग्राहकांसाठी एक सक्त सूचना आहे. विजेवर चालणाऱ्या डिटोनेटरच्या तारा अँटेनाप्रमाणे रेडिओलहरी पकडू शकतात आणि त्यातून अकाली स्फोट होण्याचा धोका असतो. सुरुंग भरणे सुरू झाले, की संच बंद ठेवावेत आणि किती अंतरावरून सुरू करायचे ते सुरुंग लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीला विचारूनच ठरवावे. पेट्रोल पंपावर इंधन भरतानाही बोलू नये.

पावसाळ्यापूर्वी

जूनच्या आधी एकदा गाडी आणावी. अँटेनाच्या बुडाशी पाणी शिरून केबलमध्ये उतरले, की तांब्याची जाळी हिरवी पडते आणि मग संच ऐकतो चांगले, पण बोलत नाही, अशी तक्रार येते. ऊसहंगाम संपल्यावर संच काढून ठेवणार असल्यास अँटेनाचा जोड प्लास्टिकने बांधून कोरडा ठेवावा आणि अँटेना न जोडता बटण दाबून “चालतो का ते” पाहू नये.

संच दुरुस्तीला आणताना फक्त संच आणू नये. माईक, वीजतार, शक्य असल्यास गाडीच आणावी, आणि परवान्याची प्रत जवळ ठेवावी. दुकानातील टेबलावर बरोबर चालणारे बरेच संच गाडीत चालत नाहीत, आणि दोष कोठे आहे ते गाडीपाशी उभे राहिल्यावरच कळते.