हायजिया: लघुग्रह की बटुग्रह?

मंगळ आणि गुरूमधल्या पट्ट्यातला आकाराने चौथा असलेला हायजिया नेपल्सच्या वेधशाळेतून १२ एप्रिल १८४९ रोजी सापडला. तोवर नऊ लघुग्रह नोंदले गेले होते आणि त्यांतले सहा त्याच्याहून लहान होते. उशीर झाला तो रंगामुळे. कार्बनयुक्त, काळपट पृष्ठभागावरून जेमतेम ७ टक्के प्रकाश परततो. नावाला तेव्हाच्या राजघराण्याचं बिरुदही चिकटवलं होतं, ते लवकरच गळालं. पुढे दीडेकशे वर्षं तो यादीतला एक आकडा होऊन राहिला.

हायजियाला बटुग्रह म्हणायचं का, या वादाचं मूळ आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २००६च्या प्रागमधल्या मतदानात आहे. प्लूटोला ग्रहांतून वगळताना बटुग्रह या नव्या वर्गाची व्याख्या ठरली, तीही अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सभागृहात उरलेल्या काहीशे जणांच्या मतांवर. बटुग्रह स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल झालेला असावा, अशी त्यातली एक अट. किती गोल म्हणजे गोल, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

२०१९ साली चिलीतल्या ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने हायजियाचे स्पष्ट फोटो मिळवले. व्यास सुमारे ४३० किलोमीटर निघाला. परिवलनकाळ २७ तासांचा समजला जाई, तो १३.८ तासांवर आला. पण गाजला तो आकार: हायजिया जवळजवळ सेरेसइतकाच, म्हणजे पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या आणि बटुग्रह ठरलेल्या पिंडाइतकाच गोल! सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वीच्या एका टकरीतून हायजियाच्या कुळातले हजारो तुकडे निघाले आहेत, म्हणून संशोधक व्हेस्टा या लघुग्रहावर आहे तसं प्रचंड विवर शोधत होते. ते सापडलंच नाही. त्यांचा निष्कर्ष असा की मूळ पिंड पार फुटला आणि ढिगारा द्रवासारखा वाहत पुन्हा गोळा झाला.

इथेच व्याख्या अडखळते. टकरीनंतर आलेली गोलाई अटीत बसते का? अक्षरशः वाचलं तर बसायला हवी, कारण अटीत इतिहास विचारलेलाच नाही. पण मग व्हेस्टा आणि पल्लास हे त्याच्याहून मोठे लघुग्रह बाहेर आणि चौथा हायजिया आत, असा विचित्र क्रम लागतो. अधिकृत पाच बटुग्रहांत अंड्यासारखा लांबट हौमिया २००८पासून बसलेला आहे, हे पाहिलं की हायजियाच्या बाबतीतला काटेकोरपणा जरा जास्तच वाटतो. त्यानंतर यादीत कुणाचीच भर पडलेली नाही. हायजियाजवळून अजून एकही यान गेलेलं नाही, आणि आत थर आहेत की नुसता ढिगारा, हे दुर्बिणीतून दिसत नाही.