हात काढला तरी न सुटणारी पकड

पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेला व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा, दिसला की बहुतेक जण आधी जबडे बघतात. मी हँडल फिरवतो. जबड्यांच्या पट्ट्या स्क्रू काढून बदलता येतात. हँडलचा स्क्रू ज्यात फिरतो त्या नटाचे आटे झिजले असतील तर मात्र तो व्हाइस मी घेत नाही.

व्हाइसचा जीव आट्यांत असतो. हँडल मध्यापासून 20 सेंटिमीटरवर धरलं, तर एका फेरीत हात सुमारे सव्वा मीटर फिरतो आणि जबडा सरकतो जेमतेम 5 मिलिमीटर. हिशेबाने जोर अडीचशे पट व्हायला हवा. तेवढा होत नाही, कारण निम्म्याहून जास्त मेहनत आट्यांमधलं घर्षण खातं. पण पकड टिकते तीही त्याच घर्षणामुळे. आटा उलगडला तर तो घाटाचा रस्ताच, फक्त चढ चारेक अंशांचा. एवढ्या उतारावर धातूवर दाबलेला धातू आपणहून घसरत नाही. म्हणून हँडल सोडून दोन्ही हातांनी कानस चालवता येते.

दुसरी परीक्षा धातूची. पुष्कळ जुने व्हाइस बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. बिडातला कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र सोसत नाही. बिडाचा तवा फरशीवर पडला की काय होतं ते घराघरात माहीत आहे. वस्तू आवळताना जबडा मागे वाकू पाहतो आणि त्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला ताण येतो. तडा शोधायचा तो तिथेच. हँडलला पाइप लावून आवळणारे याच जागेवर घाला घालतात.

मडकं वाजवून घ्यावं तसं बीड वाजवून फारसं कळत नाही. ग्राफाइट कंपनं गिळून टाकतो. त्यापेक्षा संशयित जागा घासून स्वच्छ करावी, तिथे रॉकेल लावावं, दहा मिनिटांनी कोरडं पुसून वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीत केसासारखी ओली रेघ उमटते. ती पाहून हातातला व्हाइस खाली ठेवताना मला दर वेळी वाईट वाटतं.

लोहाराच्या पायवाल्या व्हाइसची गोष्ट वेगळी. तो ओतलेला नसून ठोकून घडवलेला असतो आणि घणाचे घाव त्याच्या लांब पायातून जमिनीत जातात.

गंज काढायला मी विजेचा उपाय करतो. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार व्हाइसला, धन तार भंगारातल्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेसचा पत्रा नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून टब अंगणात ठेवायचा आणि ठिणगी दूर. रात्रभरात गंज भुसभुशीत होतो, ब्रशने निघतो आणि खालची अक्षरं वाचता येतात. शिकागोत 1941 मध्ये सुरू झालेल्या विल्टन कंपनीच्या जुन्या व्हाइसवर सरकत्या दांड्याच्या खालच्या बाजूला तारीख सापडते. ती बऱ्याचदा हमी संपण्याची असते; तशी असेल तर पाच वर्षं वजा केली की व्हाइस कधी बनला ते कळतं.

शेवटी वंगण. तेल दिल्यावर पकड सुटेल का, असं मला पुष्कळदा विचारतात. तेल लावलेल्या आट्यांतही त्या चार अंशांच्या उताराला रोखण्यापुरतं घर्षण उरतं. तेव्हा आटे पुसून सढळ हाताने तेल द्या.