नागपूरचा १९६५चा ताप आणि आजचा रिपोर्ट

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. अंग मोडून काढणारा ताप, सांधे धरलेले. नुसत्या लक्षणांवरून डेंग्यूच वाटावा असा. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), रक्त तपासले आणि चिकुनगुनिया निघाला. त्याच वर्षी नागपूर भागातल्या दोन रुग्णांच्या रक्तात चांदीपुरा हा तोवर अज्ञात विषाणूही सापडला. तो मात्र वाळूमाशीमुळे पसरतो. तेव्हा विषाणू शोधायचा तर रक्तद्रव उंदराच्या नवजात पिलांच्या मेंदूत टोचून वाट पाहावी लागे.

१९७३च्या बार्शीच्या साथीनंतर चिकुनगुनिया जवळपास दिसेनासा झाला. २००५च्या अखेरीस तो परतला तो वेगळ्या, आफ्रिकी वंशाचा. हिंदी महासागरातल्या बेटांवर तेव्हा साथ चालूच होती. तापाच्या रुग्णाला ‘कुठून आलात, कधी आलात’ हे विचारणे किती गरजेचे आहे, हे तिथून ठसले.

आज एलायझा (रक्तातली प्रतिपिंडे किंवा विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) आणि पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) हाताशी आहेत, तरी चूक होते ती बहुधा तारखेत. डेंग्यूची एनएस१ चाचणी, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची, तापाच्या पहिल्या पाच दिवसांत करावी; आयजीएम, म्हणजे संसर्गाशी लढायला शरीर आधी बनवते त्या प्रतिपिंडांची, पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशीची आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असे मुळीच नाही. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहते. वीटभट्टीवर आलेल्या मजुराची आयजीएम पॉझिटिव्ह आली, तरी ती गावाकडच्या जुन्या तापाची असू शकते. डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर एकाच कुळातले, त्यामुळे त्यांची प्रतिपिंडे एकमेकांच्या चाचणीत उमटतात. परदेशी जाण्यापूर्वी पीतज्वराची लस घेतली असेल तर तेही चाचणीच्या फॉर्मवर लिहावे. चिकुनगुनियाचे कूळ वेगळे, तिथे हा गोंधळ फारसा होत नाही.

प्रवासातून परतल्यावर चौदा दिवसांनंतर ताप सुरू झाला तर तो डेंग्यू प्रवासातला नव्हे, इथलाच धरावा. गडचिरोली किंवा बस्तरकडून आलेल्याची मलेरियाची तपासणी मात्र त्याच दिवशी व्हायलाच हवी. फॅल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, थांबत नाही.

रक्ताचा नमुना तीन ते पाच मिली. रक्त गोठले की सीरम (रक्तद्रव) वेगळे करून २ ते ८ अंशांवर ठेवावे. अख्खे रक्त फ्रीझरमध्ये टाकले तर तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर होते आणि नमुना वाया जातो. शंका राहिली तर १० ते १४ दिवसांनी दुसरा नमुना घ्यावा. प्रतिपिंडे चौपट वाढलेली दिसली, तर संसर्ग आताचाच.