लहान विमानांचे ब्रेक आणि सदोष भागांची सक्तीची बदली : पार्श्वभूमी

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ साली नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील पाच विमानतळ निवडले. जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्या बरोबरीने त्यांत बेळगावचे नाव होते. त्यानंतर सांबरा (बेळगावचा विमानतळ येथेच आहे), मुतगा, बाळेकुंद्री, होन्निहाळ या पट्ट्यातील शेतकऱ्यांना डोक्यावरून घिरट्या घालणारी लहान विमाने सवयीची झाली. या विमानांची चर्चा बहुधा आवाजावरून किंवा एखाद्या अपघातावरून होते. मे २०२३ च्या अखेरीस सांबऱ्याहून उडालेले एक दोन आसनी शिकाऊ विमान तांत्रिक बिघाडामुळे होन्निहाळजवळच्या शेतात उतरवावे लागले आणि त्यातील दोघेही बचावले, तेव्हा ती झाली. जमिनीवर विमानाचा वेग आवरणाऱ्या ब्रेकबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. एखाद्या ठरावीक बनावटीचा ब्रेकचा भाग सदोष निघाला की तो ज्या ज्या विमानात बसवला आहे तेथून ठरावीक मुदतीत काढून टाकण्याचा कायदेशीर आदेश निघतो. त्याला ‘उड्डाणयोग्यता निर्देश’ (एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह) म्हणतात आणि हँगरमधले, म्हणजे विमाने ठेवण्याच्या व दुरुस्तीच्या शेडमधले, लोक त्याला नुसते ‘एडी’ म्हणून ओळखतात. ही सक्ती कोठून आली, हे समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

सुरुवातीच्या विमानांना ब्रेक नव्हतेच. उतरण्याची जागा म्हणजे गवताळ माळ, आणि शेपटीखाली लाकडाचा किंवा लोखंडाचा एक दांडा असे, जो जमिनीत रुतत जाऊन विमान थांबवी. आपल्याकडे असंख्य वैमानिक ज्यावर शिकले त्या टायगर मॉथलाही मूळ रचनेत चाकांचे ब्रेक नव्हते. धावपट्ट्या डांबराच्या आणि काँक्रीटच्या झाल्या, दांड्याच्या जागी शेपटीचे चाक आले, आणि मग मुख्य चाकांना ब्रेक देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. विमानाच्या रचनेत ब्रेक असा उशिरा आणि बाहेरून आला. त्याच्याकडे दुय्यम अंग म्हणून पाहण्याची सवय लहान विमानांच्या जगात दीर्घकाळ टिकली ती त्यामुळेच, असे मला वाटते. इंजिनाच्या प्रत्येक तासाचा हिशेब ठेवणारे मालकही ब्रेकच्या लायनिंगकडे, म्हणजे घासून झिजणाऱ्या अस्तराकडे, ‘अजून चालेल’ या नजरेने पाहत आले आहेत.

दोष एका विमानात दिसला तर तो त्याच जातीच्या सर्व विमानांत आहे असे समजून सगळीकडे दुरुस्ती करायची, हा विचारही आरंभीच्या अपघातांतूनच घडत गेला. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणले ते डी हॅविलँड कंपनीच्या पस मॉथ विमानातून. या विमानाला वेग कमी करण्याची एक वेगळीच सोय होती. चाकांच्या दांड्यांवरची आवरणे वळवून वाऱ्याला आडवी करता येत, म्हणजे ब्रेक चाकाला नसून हवेला होता. त्याच सुमारास जगाच्या निरनिराळ्या भागांत पस मॉथ विमाने हवेतच मोडून पडण्याचे प्रसंग ओळीने घडले. प्रत्येक प्रसंग सुटा पाहिला असता तर खराब हवामान किंवा वैमानिकाची चूक असा शेरा मारून प्रकरण मिटले असते. अवशेष आणि प्रयोग शेजारी ठेवून पाहिल्यावरच रचनेत कमकुवतपणा असल्याचे पुढे आले आणि पंखाच्या आधाराला बळकटी देण्याचा बदल करण्यात आला.

या विचाराला जागतिक नियमाचे रूप दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाले. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला, आणि त्या कराराचे उड्डाणयोग्यतेविषयीचे आठवे परिशिष्ट १ मार्च १९४९ रोजी स्वीकारले गेले. त्यातून आलेली व्यवस्था साधी आणि दूरदृष्टीची आहे. ज्या देशात विमानाची रचना मंजूर झाली त्या देशाने त्या जातीच्या विमानांतील धोकादायक दोषांची माहिती इतर देशांना कळवायची, आणि जेथे विमान नोंदलेले असेल त्या देशाने आपल्या हद्दीत ती अमलात आणायची. अमेरिकेत १९५८ पासून फेडरल एव्हिएशन एजन्सी, म्हणजे आजचे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, हे काम करते; युरोपीय संघाची स्वतंत्र सुरक्षा संस्था २००३ मध्ये कामाला लागली. आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांच्या आधारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हा अधिकार वापरत आले. १ जानेवारी २०२५ पासून त्या जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो, कारण सारा घोळ त्यापाशी होतो. भाग बनवणारी कंपनी दोष लक्षात येताच ‘सर्व्हिस बुलेटिन’ काढते. त्यावर ‘अनिवार्य’ असे ठळक छापलेले असले तरी कंपनी ही काही कायदा करणारी संस्था नव्हे, आणि खाजगी मालकाला ते बंधनकारक आहेच असे नसते. सरकारी प्राधिकरण त्याच मजकुराचा निर्देश काढते तेव्हा मात्र तो न पाळता विमान उडवणे बेकायदा ठरते. निर्देश निघण्यासाठी दोन गोष्टी दिसाव्या लागतात : उत्पादनात असुरक्षित स्थिती आहे, आणि त्याच रचनेच्या इतर उत्पादनांतही ती आहे किंवा उद्भवण्याचा संभव आहे. अमेरिकी निर्देशांचे क्रमांकही वाचण्याची एक रीत आहे. सेसना विमानांच्या आसनाच्या रुळांबाबतचा निर्देश ८७-२०-०३ हा होता आणि पुढे त्याची जागा २०११-१०-०९ ने घेतली. यांतला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा त्या वर्षातील पंधरवड्यांच्या क्रमाचा आणि तिसरा त्या पंधरवड्यातील अनुक्रमाचा. उड्डाणाच्या वेळी आसन अचानक मागे सरकून वैमानिकाचा हात नियंत्रणांपासून सुटण्याचा तो दोष होता. रुळ आणि खिट्टी झिजण्यासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट, पण त्यासाठी हजारो विमाने तपासावी लागली. ब्रेकच्या भागांचेही असेच असते.

ब्रेकचा दोष किती दूर जाऊ शकतो हे जगाला पटवून देणारे प्रसंग मोठ्या विमानांचे आहेत. ४ सप्टेंबर १९६३ रोजी झुरिकहून जिनिव्हाकडे निघालेल्या स्विसएअरच्या कॅराव्हेल विमानाच्या वैमानिकांनी धावपट्टीवरील धुके पांगवण्यासाठी इंजिनांचा जोर वाढवला आणि ब्रेक दाबून धरत विमान जमिनीवरून चालवले. तापलेल्या ब्रेकमुळे चाकाची धाव फुटली. उड्डाणानंतर चाके आत घेतल्यावर आग पसरली, आणि ड्युरेनेश गावाजवळ विमान कोसळून सर्व ८० जण मरण पावले. त्यांतील ४३ जण हुम्लिकॉन या एकाच लहान खेड्याचे रहिवासी होते. शेतीचे प्रयोग पाहण्यासाठी ते गावकरी एकत्र निघाले होते. आपल्याकडच्या एखाद्या वाडीतले अर्धे उंबरे एका दिवसात ओस पडावेत, तसे ते घडले. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत बोइंग ७२७ विमानाचा ब्रेक घासत राहून तापला. टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली असल्याने तो हवेत फुटला, आणि १६७ जणांचा बळी गेला. मोठ्या विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजनच भरण्याची सक्ती अमेरिकेने त्यानंतर केली.

लहान विमानात हेच सारे छोट्या प्रमाणात पण वेगळ्या वाटेने घडते. सेसना १७२ सारख्या विमानात प्रत्येक मुख्य चाकाला एक पोलादी डिस्क असते, तिला दोन्ही बाजूंनी कॅलिपर या पकडीतील लायनिंग दाबते, आणि पेडलच्या वरच्या भागावर पायाचा चवडा दाबला की मास्टर सिलिंडरमधून तेल तेथवर पोहोचते. डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. एका बाजूचा ब्रेक ऐनवेळी बसला नाही तर विमान नुसते उशिरा थांबते असे नाही, तर दुसऱ्या बाजूला ओढले जाऊन धावपट्टीबाहेर जाते. काही विमानांचे पुढचे चाक पेडलला जोडलेले नसून मोकळे फिरते. सिरस एसआर२२ हे त्यांतले ठळक उदाहरण. अशा विमानाला जमिनीवर मंद वेगात वळवायचे तर ब्रेकचाच आधार घ्यावा लागतो. वैमानिक इंजिनाचा जोर जास्त ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवू लागला की डिस्क तापते, कॅलिपरमधील रबरी ओ-रिंग कडक होऊन तडकते, तेल गळते आणि तापलेल्या भागावर पडून पेट घेऊ शकते. म्हणूनच या विमानाच्या उड्डाणपूर्व तपासणीत ब्रेकवरील तापमानदर्शक पट्टीचा रंग पाहणे हे एक स्वतंत्र काम आहे.

सदोष भाग म्हणजे केवळ कारखान्यात चुकलेला भाग नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. लहान विमानांत प्रचलित असलेल्या क्लीव्हलँड बनावटीच्या ब्रेकमधील रिव्हेट केलेल्या लायनिंगची जाडी ०.१ इंचापर्यंत, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत उतरली की ते बदलावेच लागते, आणि डिस्कची किमान जाडीही ठरलेली असते. या विमानांच्या ब्रेकमध्ये खनिज तेलापासून बनलेले लाल रंगाचे हायड्रॉलिक तेल वापरतात. त्यात मोटारीचे ब्रेक ऑइल चुकून ओतले तर त्या तेलासाठी बनवलेले रबर फुगते आणि निकामी होते. झीज, चुकीचे तेल आणि जुने झालेले रबर यांवर नियमित देखभाल हा उपाय आहे. निर्देशाची गरज पडते ती देखभाल चोख असूनही भाग दगा देतो तेव्हा : धातूच्या एखाद्या लॉटमध्ये भेग राहिलेली असते, पिस्टनचे माप चुकलेले असते, किंवा मूळ रचनेतच उष्णतेचा अंदाज कमी धरलेला असतो. अशा वेळी हँगरमधल्या सर्वांत काटेकोर अभियंत्यालाही डोळ्यांनी काही दिसत नाही. दूरच्या कुठल्या धावपट्टीवर तोच भाग आधी तुटलेला असतो, आणि ती बातमी त्याच्यापर्यंत आदेशाच्या रूपाने पोहोचते.

सांबऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न दोन कारणांनी अधिक टोकदार होतो. रॉयल एअर फोर्सने १९४२ मध्ये उभारलेला हा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवरची हवा विरळ, म्हणून वेगदर्शक तोच आकडा दाखवत असला तरी जमिनीला धरून विमानाचा खरा वेग जास्त असतो, आणि ब्रेकने शोषायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर असताना, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाणित हवेशी तुलना केली तर, चाके टेकताना ही ऊर्जा सुमारे सतरा-अठरा टक्क्यांनी अधिक भरते. धावपट्टी लांब असल्याने अनुभवी वैमानिक ब्रेक जपून वापरतो. शिकाऊ मुलाचा पाय मात्र टाच जमिनीवर ठेवायची विसरून वरच्या पेडलवर चढतो, ब्रेक नकळत घासत राहतो, आणि तेच विमान दिवसभरात चार-पाच जणांच्या हाती जाते. दुसरे कारण पावसाचे. जून ते सप्टेंबर येथे हवा ओली असते, विमान उभे राहिले की साध्या पोलादी डिस्कवर गंज चढतो, आणि गंजलेली डिस्क नवे लायनिंगही लवकर खाते. या दोन्ही गोष्टी निर्देशात लिहिलेल्या नसतात, कारण तो साऱ्या जगासाठी निघतो. त्यात दिलेली मुदत, मग ती उड्डाणाच्या इतक्या तासांची असो की पुढील शंभर तासांच्या तपासणीपर्यंतची, ही कमाल मर्यादा असते. येथल्या विमानांनी त्या मर्यादेच्या टोकापर्यंत थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बदलीचा खर्च सहसा मालकावर पडतो, विमान उभे राहिले की प्रशिक्षणाचे तास बुडतात, आणि कर्ज काढून मुलाला वैमानिक करणाऱ्या खानापूर-निपाणीकडच्या घरांना तो विलंब जाणवतो, तरीही.

भारतात निर्देश पाळण्याची रीत कागदाने बांधलेली आहे. परदेशी बनावटीच्या विमानासाठी त्याच्या मूळ देशाने काढलेला निर्देश येथेही बंधनकारक मानला जातो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत तयार झालेले हंसा हे दोन आसनी विमान १९९३ मध्ये प्रथम उडाले. त्याच्यासारख्या स्वदेशी विमानाचा मूळ देश आपणच असल्याने दोष शोधून आदेश काढण्याची पहिली जबाबदारीही आपल्याच महासंचालनालयाकडे येते. परवानाधारक अभियंता जुना भाग काढतो, नवा बसवतो आणि निर्देशाचा क्रमांक, तारीख व उड्डाणाचे तास लॉगबुकमध्ये लिहून सही करतो. नव्या भागासोबत अधिकृत प्रमाणपत्र नसेल तर तो भाग कितीही चकचकीत असला तरी बसवता येत नाही. १९८९ मध्ये नॉर्वेतून जर्मनीला निघालेल्या पार्टनएअरच्या विमानाच्या शेपटीत बनावट बोल्ट निघाले आणि ५५ जण मरण पावले, तेव्हापासून या कागदाकडे कोणी उपचार म्हणून पाहत नाही.

या कागदाचे दुसरे टोक आपल्याच जिल्ह्यात आहे. हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी येथे महामार्गालगत एकस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात फोर्जिंग, मशीनिंग आणि पृष्ठभागावरील प्रक्रिया एकाच आवारात होऊन विमानांचे सुटे भाग परदेशी जातात, आणि तेथे काम करणारी कित्येक मुले सीमाभागातल्या मराठी घरांतली आहेत. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत वाढलेल्या माणसाला ‘हीट नंबर’ समजावून सांगावा लागत नाही : एका वेळी वितळवलेल्या धातूचा तो क्रमांक असतो, आणि गिऱ्हाइकाकडून एखादी कास्टिंग परत आली की त्यावरून त्या दिवशीच्या सगळ्या कास्टिंग हुडकता येतात. विमानाच्या भागाचा हाच क्रमांक कारखान्याच्या नोंदीतून प्रमाणपत्रात, तेथून भांडारात आणि भांडारातून लॉगबुकमध्ये उतरत जातो. ब्रेकचा एक भाग कुठेतरी तुटल्यावर ‘अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतचे भाग काढा’ एवढेच एक वाक्य निर्देशात येते, आणि सांबऱ्याच्या हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाच्या चाकात त्यातला भाग आहे की नाही, याचे उत्तर त्या नोंदी सलग असतील तर काही मिनिटांत मिळते.