प्रोव्हॉन्शे: नाव 1871चे, मतदार वेगळे

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यातला प्रोव्हॉन्शे हा ग्रामीण मतदारसंघ आज कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा बालेकिल्ला मानला जातो. याच मतदारसंघाने एकेकाळी मेटी समाजाचे बंडखोर नेते लुई रिएल यांना तीनदा खासदार केले होते.

1870 मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला, तेव्हा हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, त्याला 4 जागा मिळाल्या. त्यांतली एक सेंट बोनिफेसचे बिशप प्रोव्हॉन्शे यांच्या नावाची. इथले बहुतेक मतदार फ्रेंच बोलणारे, कॅथलिक मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाचे लोक.

1872 मध्ये मतदान देशभर एकाच दिवशी होत नसे आणि उमेदवार स्थानिक असण्याची अटही नव्हती. त्यामुळे मॉन्ट्रियलमध्ये हरलेले मंत्री जॉर्ज-एत्येन कार्तिए त्याच निवडणुकीत इथून बिनविरोध आले. रिएल यांनी त्यांच्यासाठी माघार घेतली होती. 1869-70 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली झालेल्या मेटींच्या उठावाबद्दल माफी मिळेल, ही आशा त्यामागे होती. मे 1873 मध्ये कार्तिए वारले आणि माफीचा प्रश्न लोंबकळत राहिला.

ऑक्टोबर 1873च्या पोटनिवडणुकीत रिएल निवडून आले, फेब्रुवारी 1874 मध्ये पुन्हा आले. पण उठावाच्या काळात रिएल यांच्या सरकारने थॉमस स्कॉट या विरोधकाला देहदंड दिला होता आणि त्यावरून ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने अटकेसाठी 5,000 डॉलरचे बक्षीस लावले होते. राजधानी ओटावात अटकेची धास्ती होती. त्यांनी गुपचूप नोंदवहीत सही केली, सभागृहात मात्र कधीच बसले नाहीत. एप्रिलमध्ये त्यांची हकालपट्टी झाली. सप्टेंबरमध्ये मतदारांनी त्यांनाच परत निवडले. अखेर 1875 मध्ये 5 वर्षांच्या हद्दपारीच्या अटीवर माफी मिळाली आणि जागा रिकामी झाली. मतदारांची ही चिकाटी कॅनडाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

मग हा मतदारसंघ बदलला कसा? मुख्य कारण जमीन. मेटी मुलांसाठी राखलेल्या 14 लाख एकरांचे वाटप रखडले, हक्क सटोडियांच्या हाती गेले आणि अनेक कुटुंबे पश्चिमेकडे सरकली. 1874 पासून रशियन साम्राज्यातून मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाचे शेतकरी येऊ लागले; इथले स्टाइनबाख हे गाव त्यांनीच वसवले. पुढे 1924च्या फेररचनेत सेंट बोनिफेसचा वेगळा मतदारसंघ झाला आणि फ्रेंच भाषकांचे मोठे केंद्र बाहेर पडले. 1972 मध्ये मेनोनाइट समाजातले प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह जेक एप जिंकले आणि 1993 पर्यंत टिकले. त्यानंतर रिफॉर्म आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन उजव्या पक्षांत मते फुटल्याने लिबरल डेव्हिड इफ्टोडी दोनदा आले. 2000 मध्ये व्हिक टोज यांनी जागा परत उजवीकडे खेचली.

1964च्या कायद्यापासून सीमा ठरवण्याचे काम प्रत्येक प्रांतातल्या स्वतंत्र त्रिसदस्य आयोगाकडे आहे. दर 10 वर्षांच्या जनगणनेनंतर प्रांताची लोकसंख्या जागांच्या संख्येने भागतात, मॅनिटोबात 14ने. अपवाद वगळता मतदारसंघाची लोकसंख्या त्या सरासरीहून 25 टक्क्यांपेक्षा कमी-जास्त चालत नाही. म्हणून नाव तेच राहिले तरी हद्द सरकते आणि दोन काळांतले निकाल थेट ताडून पाहिले तर फसगत होते. फेररचनेनंतर इलेक्शन्स कॅनडा ही निवडणूक यंत्रणा जुनी मते नव्या हद्दीत बसवून आकडे देते. तुलनेसाठी तेच घ्यावेत.