प्रॉक्सी एडिटिंग

मूळ फुटेजची हलकी, कमी रिझोल्यूशनची नक्कल (म्हणजे प्रॉक्सी) बनवायची, सगळं एडिट त्या नकलेवर करायचं आणि फायनल आउटपुट काढताना तिच्या जागी परत मूळ फाइल आणायची, अशी ही कामाची पद्धत. ४के-६के फुटेज, कॅमेऱ्याचं रॉ (प्रक्रिया न केलेलं फुटेज) किंवा मोबाइल-ड्रोनचं एचईव्हीसी (खूप दाबलेला व्हिडिओ) थेट टाइमलाइनवर टाकलं की साधं मशीन धापा टाकायला लागतं, तेव्हा हा उपाय करतात. प्रॉक्सी बनवायची कशी हे आता कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन क्लिकचं काम आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही. खरी गोम नक्कल आणि मूळ यांच्यातल्या जोडणीत असते, आणि या पद्धतीत ज्या अडचणी येतात त्यातल्या बहुतेक ही जोडणी कुठेतरी तुटल्यामुळेच येतात.

उगम

यावर एकमत नाही. एक मत असं की सुरुवात साधारण १९७१ च्या सुमारास आलेल्या सीएमएक्स ६०० या मशीनपासून धरावी. सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या भागीदारीतून झालेल्या या यंत्रात टेपवरचं चित्र काळं-पांढरं आणि कमी दर्जाचं करून कॉम्प्युटरच्या डिस्क पॅकवर घ्यायचे, स्क्रीनवर लाइट पेन टेकवून कट ठरवायचे आणि मग त्या कटांच्या यादीवरून मूळ टेप जोडली जायची. नक्कल, यादी, मूळ असे तिन्ही घटक इथे आहेत, त्यामुळे हे मत मांडणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. दुसऱ्या मताप्रमाणे डिजिटल फाइल आल्याशिवाय प्रॉक्सी म्हणूच नये, म्हणजे १९८९ च्या आसपासच्या अॅव्हिड मीडिया कंपोझर आणि ईएमसी-२ या कॉम्प्युटरवरच्या एडिटिंग सिस्टिमांपासून मोजायचं. डिस्क महाग होती म्हणून तेव्हा फुटेज खूप दाबून भरायचे आणि पक्कं एडिट पुढे ऑनलाइन सूटमध्ये, म्हणजे मूळ दर्जाच्या टेपवर काम करायच्या स्टुडिओत, व्हायचं.

पण नक्कल आणि मूळ यांच्या जोडणीकडे बघितलं तर ही रीत फिल्मइतकी जुनी दिसते. निगेटिव्हला ओरखडा पडू नये म्हणून तिचं वर्कप्रिंट (कामापुरती प्रत) काढायचं, एडिटरने तेच कापायचं-चिकटवायचं आणि शेवटी निगेटिव्ह कटरने फिल्मच्या कडेवरचे एज नंबर बघून मूळ निगेटिव्ह कापायची. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, त्यामुळे फुटाचा नंबर अधिक पुढच्या फ्रेमची मोजणी एवढ्यावर कुठलीही फ्रेम नेमकी सापडायची. सीएमएक्सने यातला कागदी हिशोब कॉम्प्युटरवर नेला इतकंच, असं म्हणायला जागा आहे.

टाइमकोड

व्हिडिओ टेपला एज नंबर नव्हते. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीचं व्हिडिओ टेप मशीन आलं तेव्हा दोन इंची टेप ब्लेडने कापायचे, त्यासाठी टेपवर लोहकणांचं द्रावण लावून ट्रॅक डोळ्याला दिसेल असं करायचे, आणि चुकलं की गेलं. १९६७ च्या सुमारास ईईसीओ कंपनीने प्रत्येक फ्रेमला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा पत्ता, म्हणजे टाइमकोड, द्यायची पद्धत आणली आणि पुढच्या काही वर्षांत एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही तंत्रज्ञांच्या संस्थेने तिचं मानक केलं. नेमकं कुठलं वर्ष धरायचं यात फरक आढळतो, १९७० च्या दशकाची सुरुवात म्हटलं तर फारसं चुकत नाही. मग यू-मॅटिक कॅसेटवर नक्कल उतरवून चित्रातच टाइमकोड बर्न करायचा, ती बघत बसून कट लिहायचे आणि ईडीएल (कटांची यादी) घेऊन महागड्या ऑनलाइन सूटमध्ये जायचं, हे बरीच वर्षं चाललं. सीएमएक्स ३६०० नावाचा ईडीएलचा फॉरमॅट आजची सॉफ्टवेअरं अजून वाचतात-लिहितात.

आता ड्रॉप-फ्रेमची भानगड, जी नीट समजून न घेतल्यामुळे आजही प्रॉक्सी सरकतात. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं एनटीएससी मानक ठरवताना आवाजाची कॅरियर लहर आणि रंगाची सबकॅरियर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी दिसू नये म्हणून लाइन फ्रिक्वेन्सी (सेकंदाला चित्राच्या किती ओळी) ४.५ मेगाहर्ट्झ भागिले २८६ अशी थोडी खाली आणली, आणि तिच्यामागे फ्रेम रेट ३० वरून ३० गुणिले १०००/१००१ म्हणजे साधारण २९.९७ झाला. टाइमकोड मात्र सेकंदाला ३० फ्रेम धरूनच मोजत राहिला. एका तासात हा फरक १०८ फ्रेमचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा होतो. तो भरून काढायला ड्रॉप-फ्रेममध्ये दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन नंबर गाळतात, दर दहावं मिनिट सोडून, म्हणजे तासातली ५४ मिनिटं गुणिले २, झाले १०८. फ्रेम एकही गळत नाही, फक्त नंबर गळतात, आणि इथेच नवीन लोकांचा घोळ होतो. ५९.९४ ला दोनाऐवजी चार नंबर गाळतात, २५ फ्रेमच्या फुटेजला हा प्रकारच नाही आणि २३.९७६ ला सहसा नॉन-ड्रॉपच, म्हणजे नंबर न गाळता मोजणाराच, टाइमकोड वापरतात.

प्रॉक्सीशी याचा संबंध असा की मूळ क्लिप ड्रॉप-फ्रेममध्ये एक तासापासून सुरू होत असेल आणि कन्व्हर्टरने प्रॉक्सी नॉन-ड्रॉप करून ठेवली, तर दिसायला दोन्हींचा पत्ता एकच, पण फ्रेममध्ये मोजला की एक १,०७,८९२ वर आणि दुसरी १,०८,००० वर. लहान क्लिप असेल तर सॉफ्टवेअर सरळ म्हणतं की मीडियाची रेंज जुळत नाही. लांब क्लिप असेल तर काही वेळा ते गुपचूप जोडून टाकतं आणि कट साडेतीन सेकंद सरकतात, हे जास्त वाईट, कारण क्लायंटने बघेपर्यंत लक्षात येत नाही. टाइमकोडमध्ये सेकंद आणि फ्रेम यांच्यामध्ये अर्धविराम असला तर ड्रॉप आणि अपूर्णविराम असला तर नॉन-ड्रॉप, ही खूण बहुतेक सॉफ्टवेअरं पाळतात, तेवढी आधी बघावी.

जोडणी तुटण्याची इतर कारणं

टाइमकोडनंतर नंबर लागतो फाइलच्या नावाचा. कार्ड फॉरमॅट केलं की कॅमेरा बऱ्याचदा परत सी०००१ पासून मोजायला लागतो, मग दोन कार्डांवर एकाच नावाच्या वेगवेगळ्या क्लिपा येतात आणि रीलिंक करताना, म्हणजे फाइल परत जोडताना, भलतीच क्लिप बसते. म्हणून प्रत्येक कार्डाचा वेगळा फोल्डर, तोच रील नंबर, आणि प्रॉक्सीच्या फोल्डरची रचना हुबेहूब तशीच. कार्ड कॉपी करताना आतला एखादाच फोल्डर उचलू नये, अख्खं कार्ड घ्यावं, कारण एफएटी३२ कार्डावर ४ जीबीला फाइल तुटते आणि तुकडे जोडायची माहिती भलत्याच फोल्डरमध्ये पडलेली असते.

मोबाइलचं फुटेज सहसा व्हेरिएबल फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला फ्रेम कमी-जास्त होणारं, असतं. त्याची प्रॉक्सी कन्व्हर्टरने ठरावीक फ्रेम रेटला काढली की दोघांची फ्रेमसंख्याच वेगळी होते, ओठ आणि आवाज हळूहळू फाटत जातात, आणि कितीही रीलिंक केलं तरी फायदा नाही. अशा वेळी आधी मूळ फाइलच चांगल्या दर्जात ठरावीक फ्रेम रेटला फिरवून घ्यायची आणि पुढे तिलाच मूळ मानायचं. कॅमेऱ्याच्या फाइलला चार ऑडिओ चॅनेल आणि प्रॉक्सी स्टिरिओ असेल तर प्रीमियर प्रो ती अटॅच करून घेत नाही, यात बराच वेळ वाया जातो कारण चित्र तर अगदी बरोबर दिसत असतं. ४०९६ गुणिले २१६० चं फुटेज १९२० गुणिले १०८० मध्ये कोंबलं तर चित्र चेपतं किंवा काळ्या पट्ट्या येतात, त्याची प्रॉक्सी २०४८ गुणिले १०८० काढावी. लॉग (मुद्दाम फिक्या रंगात टिपलेल्या) फुटेजच्या प्रॉक्सीत लट (LUT, रंग बदलायचा तयार तक्ता) बेक केला आणि टाइमलाइनवरही तोच लावला तर रंग दोनदा चढतो.

एक्सपोर्टच्या वेळचं वागणं सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतं. प्रीमियर प्रो मुद्दाम सांगितल्याशिवाय मूळ फाइलच घेतं, फायनल कट प्रो मात्र व्ह्यूअर प्रॉक्सीवर ठेवलेला असेल तर प्रॉक्सीतूनच आउटपुट काढतं. फोकस तपासणं, ग्रीन स्क्रीन, ट्रॅकिंग आणि नॉइज काढणं ही कामं प्रॉक्सीवर करूच नयेत.

कोडेक आणि स्टोरेज

प्लेबॅक अडकला की लोक आधी नवीन डिस्क घेतात, पण एच.२६४ आणि एचईव्हीसी या कोडेकांच्या (व्हिडिओ दाबायच्या पद्धतींच्या) बाबतीत दोष सहसा डिस्कचा नसतो. या फाइलींत दर काही फ्रेममागे एकच पूर्ण चित्र असतं आणि बाकीच्या फ्रेम शेजारच्यांवरून काढाव्या लागतात, त्यामुळे टाइमलाइनवर मागे-पुढे केलं की ताण प्रोसेसरवर येतो. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या एडिटिंगसाठीच्या कोडेकांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून फाइल कधीकधी मूळ एच.२६४ पेक्षा मोठी होऊनही हलकी चालते.

डिस्कचा हिशोब वेगळा. फुल एचडी, २९.९७ ला प्रोरेस प्रॉक्सी साधारण ४५ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे तासाला २० जीबी, प्रोरेस एचक्यू (त्याच कोडेकचा वरचा दर्जा) २२० मेगाबिट म्हणजे तासाला ९९ जीबी. यूएचडी (३८४० गुणिले २१६०) एचक्यू ८८४ मेगाबिटला जातं, म्हणजे सेकंदाला ११० एमबी, आणि गिगाबिट नेटवर्कमधून प्रत्यक्षात साधारण तेवढंच निघतं. म्हणजे सर्व्हरवरून एक स्ट्रीम कशीबशी, दुसरी नाहीच. प्रॉक्सीच्या मात्र त्याच वायरवरून दहा-बारा आरामात चालतात. वेगवान एसएसडी घेऊनही लॅग असेल तर केबल बघावी, चार्जिंगबरोबर येणाऱ्या पुष्कळ यूएसबी-सी केबली यूएसबी २ च्याच, ४८० मेगाबिटच्या असतात.

प्रॉक्सी आणि कॅश (सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइली) यांचा बॅकअप लागत नाही, त्या परत बनतात. मूळ कार्डं आणि प्रोजेक्ट फाइल यांचा लागतो, आणि रेड ०, म्हणजे दोन डिस्क जोडून वेग वाढवलेली मांडणी, बॅकअप म्हणून धरू नये, त्यात एक डिस्क गेली की दोन्हींचा डेटा जातो.