कपिंग करून घेण्याआधी हे वाचा

कपिंग म्हणजे जुन्या भाषेत तुंबडी लावणं. काचेचा, प्लास्टिकचा किंवा सिलिकॉनचा कप त्वचेवर उपडा ठेवायचा आणि आतली हवा कमी करायची, की त्वचा आणि तिच्याखालचा मांसल भाग वर ओढला जातो. या ओढीने त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटतात, थोडं रक्त तिथेच पसरतं आणि गोल जांभळे डाग उठतात. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावर ते सगळ्या जगाने पाहिले. तेव्हापासून काही ग्राहक डाग गडद उठावा असा आग्रह धरतात. डाग जितका काळा तितकी शरीरातली घाण बाहेर आली, हा समज चुकीचा आहे. ओढ जास्त झाली, कप जास्त वेळ राहिला किंवा तुमच्या अंगावर काळंनिळं लवकर उठतं, एवढंच त्यावरून कळतं.

कपिंगने काय होतं याबद्दलही मोकळेपणाने सांगतो. मान, खांदे, पाठ यांचं दुखणं काहींना काही काळ हलकं वाटतं. यावर झालेले बरेचसे अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे छातीठोक दावा आम्ही करत नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांवर हा इलाज नाही. कपिंग सुरू केलं म्हणून डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी बंद करू नका.

आधी काय सांगायचं

धोका कपात कमी आणि न सांगितलेल्या गोष्टींत जास्त असतो. म्हणून आमचा फॉर्म लांबलचक आहे. कंटाळा आला तरी पूर्ण भरा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त पातळ करणारी औषधं. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी. ही शेवटची लोक हमखास विसरतात, कारण ती इतकी वर्षं चालू असते की औषध वाटतच नाही. अशा व्यक्तीला साध्या कपनेही मोठं काळंनिळं होऊ शकतं. हिमोफिलिया असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आम्ही कपिंग करत नाही.

मधुमेहामुळे पायांची किंवा पाठीची संवेदना कमी झाली असेल तर कप जास्त ओढतोय हे तुम्हाला कळणारच नाही, आणि जखम भरायलाही वेळ लागेल. बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांची आणि वयस्कर मंडळींची त्वचा पातळ झालेली असते. सोरायसिस असेल तर कप लावलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. जखमेचे व्रण फुगून वाढत असतील, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती असेल, तर तेही सांगा. गरोदरपणात पोट आणि कंबर वर्ज्य. आम्ही तर त्या काळात कपिंग अजिबात करत नाही. कर्करोगावर उपचार चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पिंढरी अचानक सुजून दुखत असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. छातीतून खांद्यात किंवा पाठीत जाणारी कळ, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणं किंवा पाय बधिर होणं, यांपैकी काही असेल तर आमच्याकडे येऊ नका, थेट रुग्णालय गाठा. अशा वेळी कप लावून आपली तुंबडी भरण्यात आम्हाला रस नाही.

आम्ही काय करत नाही

बारीक चिरा देऊन रक्त काढायचं ओलं कपिंग आमच्याकडे होत नाही. बरेच लोक त्यासाठी विचारतात, म्हणून कारण देतो. उघड्या जखमेतून हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. पातं नवं, कप नवा, पण हवा ओढणारा पंप तोच, असंही होतं. आणि पंपात रक्त गेलेलं बाहेरून दिसत नाही. वरचेवर रक्त काढल्याने अ‍ॅनिमिया झाल्याच्याही नोंदी आहेत. इतरत्र करून घेणार असाल तर किमान करणारी व्यक्ती वैद्यकीय पात्रतेची आहे ना, आणि पातं, कप तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघतात ना, हे बघा.

कपात पेटता बोळा फिरवायची पद्धतही आम्ही ठेवलेली नाही. काचेची कड तापते, स्पिरिटचा थेंब ओघळतो आणि पाठ भाजते. हातपंपाने तीच ओढ मिळते, शिवाय ती कमी-जास्त करता येते.

डोकं, चेहरा, गळा, फुगलेल्या निळ्या शिरा, तीळ, पुरळ किंवा जखम असलेली जागा, इथे कप लागणार नाही. टाळूवर कपिंग केल्यावर कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. असे प्रसंग दुर्मीळ खरे, पण मुळात तो धोका पत्करायचा कशासाठी?

त्या दिवशी आणि नंतर

उपाशीपोटी येऊ नका. काहींना भोवळ येते. कप साधारण ५ ते १० मिनिटं राहतो. ताण जाणवणं ठीक, पण टोचलं, जळजळ झाली किंवा मुंग्या आल्या तर तिथल्या तिथे सांगा, कप लगेच काढू. सहन करण्यात काही शौर्य नाही. कप प्रत्येक ग्राहकानंतर साबणाने धुऊन मग जंतुनाशकात ठेवले जातात. नुसतं पुसून घेणं पुरत नाही.

डाग काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत फिके होतात. सावळ्या त्वचेवर तपकिरी छटा काही महिनेही राहू शकते. लग्नकार्य जवळ असेल तर बेत पुढे ढकला. जुना डाग पूर्ण गेल्याशिवाय त्याच जागी पुन्हा कप लावत नाही. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ झाकून ठेवा आणि आम्हाला कळवा. लाली पसरू लागली, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नंतरच्या दिवसांत दुसऱ्या कशासाठीही डॉक्टरांकडे गेलात, तरी हे डाग कपिंगचे आहेत हे त्यांना सांगून टाका. नाहीतर मारहाणीची किंवा रक्ताच्या एखाद्या आजाराची शंका येते आणि नको त्या तपासण्या मागे लागतात.